विषादाची चिकित्सा : प्रथम औषध की सत्त्वावजय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार वर्णिले आहेत. औषधाहाराची योजना हा दुसऱ्याचा विषय. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हा तिसऱ्याचा. विषादाची गणना विसाव्या अध्यायात ८० नानात्मज वातविकारांत आहे. असे असता, ‘झोप नाही, कशातच मन लागत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर आपण प्रथम काय लिहितो? ब्राह्मी वटी, सारस्वतारिष्ट, अश्वगंधा! आधुनिक चिकित्सकाच्या गोळीवर टीका करून स्वतःची गोळी पुढे करणे हा सत्त्वावजय नव्हे.

आधुनिक शास्त्रातही या प्रश्नाची चर्चा झाली आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. नैराश्यावरील २१ औषधे आभासी औषधापेक्षा सरस ठरली. मात्र सरासरी फरक माफक होता. ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेने २०२२ मध्ये सौम्य नैराश्यात, रुग्णाची तशी इच्छा नसल्यास, प्रथमोपचार म्हणून ही औषधे सरसकट देऊ नयेत असे सुचविले.

याहून बोधप्रद प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात झाला. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशन दिले गेले. समुपदेशक वैद्यकीय पदवीधर नव्हते. प्रशिक्षण दिलेले सामान्य स्थानिक लोक होते. सहा ते आठ बैठकींत त्यांनी रुग्णास सुटलेली कामे, भेटीगाठी व आवडीचे व्यवसाय क्रमाक्रमाने पुन्हा सुरू करावयास लावले. तीन महिन्यांनी या गटात ६४ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के रुग्ण लक्षणमुक्त आढळले. हे पाहता दिनचर्येचा उपदेश चिठ्ठीच्या तळाशी, जागा उरल्यास, लिहिण्याची आपली पद्धत बदलावयास हवी. पहिल्या भेटीत अर्धा तास द्यावा. कोणते काम केव्हापासून सुटले ते विचारावे, त्यातील एकच सोपे काम ठरवून द्यावे व आठवड्याने त्याचाच प्रथम हिशेब घ्यावा. पांडुरोग व थायरॉइडची तपासणी विसरू नये.

तथापि तीव्र विषादात औषधाचे मोल मोठे आहे. आत्महत्येचे विचार येतात काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत. उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णास एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चालू गोळ्या आपण परस्पर बंद करू नयेत. एकदम थांबविल्यास चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता उद्भवते. मात्रा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. औषधविक्रेत्या बंधूंनीही जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच पट्टी देण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांची शेवटची भेट केव्हा घेतली, एवढे अवश्य विचारावे.