रुग्णाच्या भेटीस जाताना

सायंकाळी भेटीची वेळ झाली, की रुग्णालयाचे फाटक उघडते आणि बाहेर तिष्ठत असलेली माणसे लगबगीने आत शिरतात. कोणाच्या हाती जेवणाचा डबा असतो, कोणाच्या पिशवीत शहाळे असते, कोणी नातवाचे बोट धरून जिना चढत असते. खाटेपाशी पोहोचताच पहिली गोष्ट घडते ती ही, की आलेला माणूस रुग्णाच्या कपाळावर हात ठेवतो आणि विचारतो, "आता कसे वाटते?" आजाऱ्याच्या समाचारास जाणे हे आपल्याकडे कर्तव्य मानतात. लग्नाला न आलेल्या आप्ताला लोक क्षमा करतात. पण दुखण्यात न डोकावलेल्या आप्ताला सहसा करीत नाहीत. आणि हे योग्यच आहे. औषधाने शरीराला उतार पडतो, तसा आपले माणूस दिसल्याने मनाला पडतो.

मात्र मायेने कपाळावर ठेवलेला तोच हात रुग्णाला अपाय करू शकतो, ही गोष्ट मनुष्यजातीला फार उशिरा उमगली. ती उमगण्यासाठी युरोपातील व्हिएन्ना या नगरीत हजारो मातांना प्राण गमवावे लागले.

व्हिएन्नाच्या विशाल सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम पाहत. दुसऱ्यात सुईणींना शिक्षण दिले जाई. इमारत एक, नगरी एक, येणाऱ्या स्त्रियाही सारख्याच गरीब. असे असूनही सूतिकाज्वराने दगावणाऱ्या मातांची संख्या दोहोंकडे अगदी भिन्न होती. 1846 साली पहिल्या विभागात 4,010 प्रसूती झाल्या व 459 माता मृत्यू पावल्या. दुसऱ्या विभागात 3,754 प्रसूतींमागे 105. ही वार्ता गावभर पसरलेली होती. कोणत्या वारी कोणत्या विभागात भरती होते, हे स्त्रियांना ठाऊक असे आणि पहिल्या विभागाची पाळी आली, की काही जणी गुडघे टेकून, हात जोडून, आपणास दुसरीकडे न्यावे म्हणून विनवणी करीत. रस्त्यातच बाळंत झालेल्या स्त्रिया पहिल्या विभागातल्या स्त्रियांपेक्षा अधिक सुखरूप राहत, हे तर त्याहूनही विलक्षण!

1846 मध्ये इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरीतील तरुण डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. हे मृत्यू पाहून त्याला चैन पडेना. कोणी म्हणे, हवा दूषित आहे. पण हवा दोन्ही विभागांत एकच होती. कोणी म्हणे, गर्दी फार होते. पण स्त्रिया दुसऱ्या विभागाकडे धाव घेत असल्याने गर्दी तेथेच अधिक होती. मरणोन्मुख स्त्रीला धर्मसंस्कार देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा त्यांच्यापुढे घंटा वाजवीत जाण्याची प्रथा होती. पहिल्या विभागात ती मिरवणूक पाच दालनांतून जात असे. त्या घंटेच्या भयानेच तर स्त्रिया आजारी पडत नसतील? सेमेलवाइसने धर्मगुरूंना विनंती करून घंटा बंद करविली आणि मार्गही बदलविला. मृत्यू थांबले नाहीत. आज हा तर्क आपणास हास्यास्पद वाटेल. परंतु एकेक कारण तपासून बाजूला सारण्याची त्याची ही पद्धतच पुढे फलदायी झाली.

मार्च 1847 मध्ये तो व्हेनिसचा प्रवास करून परतला, तो त्याच्या कानी एक दुःखद बातमी आली. याकोब कोलेच्का या त्याच्या प्राध्यापक मित्राचे निधन झाले होते. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातची सुरी कोलेच्काच्या बोटाला लागली आणि त्या लहानशा जखमेतून विकार अंगात भिनला. मित्राच्या मरणोत्तर तपासणीचा अहवाल वाचताना सेमेलवाइस थबकला. शरीरात आढळलेल्या खुणा हुबेहूब सूतिकाज्वराने गेलेल्या मातांसारख्या होत्या. मित्राच्या अंगात सुरीने जे शिरले, तेच त्या मातांच्या अंगात कशाने शिरले असेल? विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून थेट प्रसूतिविभागात येऊन स्त्रियांना तपासत. सुईणी मात्र शवाला शिवत नसत. उलगडा झाला होता. मृत्यू वाहून नेणारे वाहन म्हणजे डॉक्टरांचेच हात, आणि त्यांत त्याचे स्वतःचेही!

डॉक्टर साबणाने हात धूत असत. परंतु त्यानंतरही हातांना शवाचा दर्प राहत असे. म्हणून मे 1847 मध्ये सेमेलवाइसने नियम घातला, की विभागात येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात घासून धुवावेत. एप्रिलमध्ये शेकडा 18 हून अधिक माता दगावल्या होत्या; जुलैमध्ये हे प्रमाण शेकडा सव्वावर आले. पुढील वर्षी, म्हणजे 1848 मध्ये, दोन्ही विभागांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले.

तथापि मधल्या काळात एक आघात झालाच. ऑक्टोबर 1847 मध्ये एक स्त्री भरती झाली. तिच्या गर्भाशयाच्या दुखण्यातून दूषित स्राव वाहत होता. तिची खाट ओळीत पहिली होती आणि तपासणीचा आरंभ तेथूनच होई. शवागारातून येताना सर्वांनी हात नीट धुतले होते; परंतु एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना ते केवळ साबणाने धुतले जात. त्या वेळी प्रसूत होणाऱ्या बारा स्त्रियांपैकी अकरा जणी दगावल्या. तेव्हा कळले, की विष केवळ मृताकडून जिवंताकडे येते असे नाही. ते एका जिवंत रुग्णाकडून दुसऱ्याकडेही जाते. तेव्हापासून प्रत्येक रुग्णागणिक हात त्या पाण्याने धुण्याचा नियम झाला. आजच्या रुग्णालयांत परिचारिका एका खाटेकडून दुसरीकडे वळताना हातांना औषध चोळते, त्यामागे हेच कारण आहे.

एवढे यश आल्यावर त्याचा जयजयकार झाला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे घडले नाही. आपल्याच हातांनी रुग्ण मेले, हे ऐकून घेणे अनेक थोर डॉक्टरांना रुचले नाही. जंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, त्यामुळे त्याला कारणही पुरतेपणी सांगता येत नव्हते. शिवाय तो विरोधकांना फार कठोर शब्दांत बोले. 1849 मध्ये त्याची नेमणूक वाढविली गेली नाही. 13 ऑगस्ट 1865 रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला, आणि तोही जखमेतून रक्त दूषित होऊन. त्याच्या आदल्याच दिवशी, ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर हा शस्त्रवैद्य गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर जंतुनाशक कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधीत होता. तो मुलगा बरा झाला.

आता पुन्हा आपल्या रुग्णालयाच्या फाटकाशी येऊ. समाचारास आलेला माणूस शवागारातून आलेला नसतो, हे खरे. पण तो बसच्या दांड्याला धरून आलेला असतो, पैसे मोजलेले असतात, उद्वाहकाची कळ दाबलेली असते, आणि खिशातले भ्रमणध्वनियंत्र तर दिवसभर त्याच्या हाती असते. निरोगी माणसाच्या हातावरचे जंतू त्याला स्वतःला बहुधा काही करीत नाहीत. शस्त्रक्रियेची ताजी जखम असलेल्या, अथवा शिरेत सलाइनची सुई खुपसलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याच्या त्वचेचा तट तेथे फुटलेला असतो. म्हणून दालनात शिरण्यापूर्वी साबण व पाण्याने हात धुवावेत. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांची टोके यांपैकी काहीही न वगळता. अंगठा वगळणारे पुष्कळ असतात! दाराशी ठेवलेल्या बाटलीतील अल्कोहोलयुक्त द्रव हातांना वीस ते तीस सेकंद चोळला तरी चालते. मात्र हात मळलेले असतील, किंवा रुग्णाला जुलाबाचा विकार असेल, तर साबणपाणीच हवे, कारण जुलाबाचे काही जंतू त्या द्रवाला दाद देत नाहीत.

रुग्णाच्या खाटेवर बसू नये. जवळच्या बाकावर बसावे. मलमपट्टीला, नळ्यांना कुतूहलानेही हात लावू नये. शेजारच्या खाटेवरील आजोबांना पाणी हवे असेल, तर ते अवश्य द्यावे. पण त्याआधी आणि त्यानंतर हात धुवावेत. अतिदक्षता विभागात फुले नेऊ देत नाहीत, याचे अनेकांना वाईट वाटते. परंतु फुलदाणीच्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि तेथील रुग्णाच्या अंगी त्यांच्याशी झुंजण्याचे बळ उरलेले नसते.

आपल्याकडील पुष्कळ रुग्णालयांत नातेवाईक केवळ भेटीला येत नाहीत. तेच रुग्णाला भरवतात, कुशीवर वळवतात, अंग पुसून देतात. असा नातेवाईक अर्धा परिचारकच होय. परिचारिकेला जे नियम लागू, ते त्यालाही लागू.

ज्याला सर्दी, खोकला, ताप वा जुलाब झाले आहेत, त्याने मात्र जाऊच नये. मोठ्या माणसाची साधी सर्दी अशक्त रुग्णाला फुप्फुसाच्या दाहापर्यंत नेऊ शकते. ज्यांना जाणे अटळच असेल, त्यांनी नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. 2020 साली कोविडच्या साथीत अनेक रुग्णालयांची दारे नातेवाइकांना बंद झाली. कितीतरी रुग्णांना आपल्या माणसांचे मुख केवळ यंत्राच्या लहानशा पडद्यावर दिसले आणि कितीकांना तेही दिसले नाही. त्या बंदीमागे कारण होते. परंतु तिचे दुःख ज्यांनी सोसले, ते भेटीचे मोल जाणतात.

भेटीची वेळ संपल्याची घंटा होते. डबा रिकामा झालेला असतो, निरोप घेतला जातो. बाहेर पडताना पुन्हा एकदा हात धुवायचे, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. रुग्णाला जपावयाचे ते जपून झाले, असे त्यांना वाटते. पण घरी कोणी म्हातारे माणूस वाट पाहत असते, पाळण्यात बाळ असते, आणि दार उघडताच ते उचलून घेण्यासाठी हात पसरते.