थंडीनंतर लेन्स हट्टाला पेटली

प्रश्न : जानेवारीत स्पीतीतल्या किब्बरला हिमबिबट्याचे फोटो काढायला गेलो होतो. परतल्यापासून डीएसएलआरच्या झूम लेन्सवर एफ/५.६ ला फोटो नीट येतात, एफ/११ ला मात्र पांढरेफटक. सेन्सर गेला का?

उत्तर : सेन्सर बहुधा निर्दोष आहे, तो बिघडला असता तर एफ/५.६ लाही गडबड दिसली असती. संशय अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर घ्या. डीएसएलआरमध्ये नेम धरताना पाती पूर्ण उघडी असतात आणि बटण दाबताच क्षणार्धात मिटतात. थंडीत वंगण घट्ट होते. शिवाय गारठलेली लेन्स थेट शेगडीजवळ नेली, तर आत दव धरते. पाती चिकटून उशिरा मिटली, की जादा प्रकाश आत शिरतो.

लेन्स उजेडात समोरून बघत डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे बटण दाबा. पाती रेंगाळली किंवा त्यांवर तेलकट चमक दिसली, तर निदान पक्के. दुसरी लेन्स लावूनही तोच प्रकार घडला, तर मात्र दोष कॅमेऱ्यात.

घरी लेन्स उघडू नका, हेअर ड्रायर तर नकोच. तांदळाच्या डब्यात पुरायचा सल्ला कोणीतरी देईलच. त्याने फक्त पिठूळ धूळ आत जाते. पाती साफ करणे हे सर्व्हिस सेंटरचेच काम. तोवर पाती पूर्ण उघडी ठेवून लेन्स खुशाल वापरा.

पुढच्या वेळी खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, लेन्स हवाबंद पिशवीत घाला आणि दोन-तीन तास उघडू नका. दव पिशवीवर धरेल.