गुन्हेगाराचे मानसचित्र : तपासाची दिशा, पुरावा नव्हे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत चादरी व टॉवेल विणणारे कारखाने आहेत. समजा, अशा एका कारखान्याच्या गोदामातून रात्री माल चोरीस गेला. कुलूप तुटलेले नाही. पहारेकऱ्याची फेरी संपताच चोरी झाली. आणि गठ्ठ्यांतून केवळ भारी माल निवडून नेला. चोर अज्ञात असला तरी त्यास आतील व्यवस्था ठाऊक असावी, तो उतावळा नसावा व त्यास मालाची पारख असावी, असा तर्क करता येतो. कृतीवरून कर्त्याचा स्वभाव, सवयी व परिसराशी असलेला संबंध यांचा अंदाज बांधणे म्हणजेच गुन्हेगाराचे मानसचित्र तयार करणे होय.

तपासाची रीत

गंभीर गुन्ह्यात तपासी अधिकारी प्रथम घटनास्थळ, वेळ, हत्यार, जखमा व बळी पडलेली व्यक्ती यांविषयीची माहिती एकत्र करतो. गुन्हा योजनापूर्वक घडला की आवेगात, पूर्वीच्या गुन्ह्यांशी त्याचे साम्य आहे काय, हे तो पाहतो. त्यानंतरच अनुमान काढले जाते.

न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे बॉम्ब ठेवणाऱ्या इसमाचे असे वर्णन डॉ. जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञांनी १९५६ मध्ये केले. तथापि १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की सापडला, तो एका वीज कंपनीच्या जुन्या दप्तरातील पत्रांवरून.

आपल्याकडे १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत व उघड्यावर झोपलेल्या गरिबांवर रात्री प्राणघातक हल्ले झाले. हल्ल्यांची एकच पद्धत एकाच व्यक्तीकडे बोट दाखवीत होती. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील तपासात उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रामन राघव यास वर्णनावरून ओळखून ताब्यात घेतले. ओळख पक्की झाली ती मात्र पूर्वीच्या अटकेच्या वेळी घेतलेल्या बोटांच्या ठशांमुळे. अनुमानाने दिशा मिळते; सिद्धता पुराव्यानेच होते.

सोलापूरचा धडा

अनुमान व्यक्तीच्या कृतीवरून न काढता जन्मावरून काढले, तर केवढा अन्याय होतो, हे सोलापूरने पाहिले आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआडच्या 'सेटलमेंट'मध्ये राहावे लागले, हजेरी द्यावी लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु चोरी झाली की विशिष्ट वस्तीकडे पाहण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही.

आपले कर्तव्य

गावात गुन्हा घडल्यास घटनास्थळी गर्दी होऊ देऊ नये, कोणत्याही वस्तूस हात लावू देऊ नये. पोलीस पाटील व पोलीस ठाणे यांना तत्काळ कळवावे. प्रत्यक्ष पाहिले-ऐकले तेवढेच, वेळेसह सांगावे. संशयाने कोणाचे नाव अथवा जात पुढे करू नये. ग्रामसभेत व वर्गात हा विवेक रुजविणे पंचायत सदस्यांच्या व शिक्षकांच्या हाती आहे. खरा गुन्हेगार सापडणे आणि निरपराध्यास झळ न पोहोचणे, ही दोन्ही कामे त्यानेच साधतील.