सारवलेली पडवी, कोबा आणि गुळगुळीत फरशी

प्रश्न : मालवणजवळच्या जुन्या चिरेबंदी घरात पडवी सारवलेली, माजघरात कोबा आणि नव्या खोल्यांत व्हिट्रिफाइड फरशी आहे. कोणता व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा?

उत्तर : शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोणतेच यंत्र फिरवू नये, कारण हवेच्या ओढीबरोबर सारवणाचा पापुद्राच सुटून येतो, तेथे केरसुणीच बरी. उरलेल्या जमिनींसाठी किनाऱ्यावरचा केर कसा असतो हे आधी पाहावे लागते : पुळणीवरून पायाला चिकटून येणारी रेती जड व कणीदार असते, तर खळ्यातली जांभ्याची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. गालिच्यासाठी केलेला, गरगर फिरणारा ताठ ब्रश गुळगुळीत फरशीवरची रेती ओढून घेण्याऐवजी पार भिंतीपर्यंत उडवतो आणि चाकाखाली सापडलेला कण चरा पाडतो, म्हणून मऊ ब्रशाचे सपाट तोंड आणि रबरी चाके असलेले यंत्र निवडावे. कोब्याच्या, म्हणजे चुना किंवा सिमेंट घोटून केलेल्या जमिनीच्या, भेगांसाठी अरुंद चपटी नळी लागते. खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा मोटार किती वीज घेते एवढेच सांगतो. ओढीचा जोर पास्कल या दाबाच्या एककात दिलेला असतो, आणि दुकानात विचारावा तो हाच. तांबड्या धुळीसाठी हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी, हवी. मात्र धुता येणारी गाळणी आषाढात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलीच बसवली तर तिला बुरशी धरते, त्यामुळे जोडीला दुसरी गाळणी घेऊन ठेवावी.