पापिंगोत बघण्यासारखं काय आहे?

निघण्याआधी हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. ग्रीस म्हटलं की आपल्याला सांतोरिनीची निळी-पांढरी घरं आठवतात. आम्ही गेलो ते वायव्येच्या झागोरीत. पिंडस पर्वतात दगडी भिंतींची, दगडीच छपरांची ४६ गावं. २०२३मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा यादीत घेतला. त्यातल्या मिक्रो पापिंगोत, म्हणजे धाकट्या पापिंगोत, सप्टेंबरात आठ रात्री राहिलो. त्यातून मिळालेलं शहाणपण, जसं आठवेल तसं.

१. पेट्रोल आणि सुट्टे पैसे योआनिना शहरातच घ्या. पुढे आरिस्ती गाव सोडल्यावर रस्ता व्होइदोमातिस नदीपर्यंत उतरतो आणि पूल ओलांडला की वळणांवर वळणं घेत वर चढतो. तिथे काटा लाल झालेला बघणं काही बरं नाही.

२. 'ने' म्हणजे हो. हे मला पाठ होतं, पण कानाला कोण सांगणार? "खोली तयार आहे का?" "ने." आमची तोंडं उतरली, आणि मालकीणबाई किल्ली पुढे करून उभ्या! नकार मात्र ओळखीचा निघाला. मान किंचित वर, भुवया उंच आणि जिभेने एक 'च्क्'. अगदी आपल्याकडच्यासारखा.

३. दुपारी आवाज करू नका. साडेतीन वाजता आम्ही फरसबंद बोळातून चाकांच्या बॅगा खडखडवत निघालो. वरची एक खिडकी उघडली, एका आजींनी ओठांवर बोट ठेवलं, खिडकी बंद. तिथे दुपारच्या या वेळेला मेसिमेरी म्हणतात आणि तेव्हाची झोप मोडणं हा असभ्यपणा. दुपारी एक ते चार झोपणाऱ्या पुण्यातून आलेल्या माणसांना हे शिकवावं लागावं, याची लाजच वाटली.

४. कॉफी ढवळू नका. साखर आधीच सांगायची: स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रिओ म्हणजे बेताची. लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात उकळून, न गाळताच कपात ओततात. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, शेजारच्या ग्लासातलं पाणी प्यायचं, मग घोट घ्यायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने चमचा फिरवला आणि दातांत चिखल आला. चौथ्या दिवशी एका कपाला तासभर लागला. तेवढ्या वेळात एक मांजर उन्हातून सावलीत गेलं आणि सावली सरकल्यावर पुन्हा उठलं. बाकी काही घडलं नाही.

५. शाकाहारी असाल तर 'नीस्तीसिमो' हा शब्द घोकून ठेवा. त्यांच्या ऑर्थोडॉक्स उपवासाला चालणारं, म्हणजे मांस, दूध, अंडं नसलेलं. फक्त कालवं-कोळंबी त्यांना उपवासाला चालते, तेवढं विचारून घ्या. आम्ही अंडं खातो, त्यामुळे आलेव्रोपिता सोडला नाही. पीठ-अंड्याचं पातळ मिश्रण तापलेल्या तेलकट परातीत ओतायचं, वरून फेटा चीज कुस्करायचं आणि भट्टीत खरपूस भाजायचं. धिरड्याचा श्रीमंत मावसभाऊ म्हणा. कडेचा कुरकुरीत तुकडा कुणी घ्यायचा यावरून सहलीतलं एकमेव भांडण झालं.

६. अर्ध्यातून परत फिरता येतं. नवऱ्याने पुण्याहून एक्सेलचा तक्ता करून आणला होता: रोज दोन पूल, एक मठ, एक दरी. त्यातला मुख्य मान ड्राकोलिम्नीचा, म्हणजे ड्रॅगनच्या तळ्याचा. उंची सुमारे २,०५० मीटर. गावातून जवळजवळ हजार मीटरची चढाई. तळ्यातले ड्रॅगन म्हणजे वीतभरही लांब नसलेले पाणसरडे! दीड तास चढल्यावर माझा गुडघा बोलायला लागला. झऱ्यापाशी बसलो, पाणी प्यायलो आणि खाली उतरलो. नवरा गावापर्यंत एक अक्षर बोलला नाही. मग दोन्ही पापिंगोंच्या मधल्या रोगोवोच्या ओढ्यात, खडकातल्या कुंडांत पाय सोडून बसलो. पाणी असं गार की घोट्याखाली पाय आहेत की नाहीत कळेना. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "उद्याचं काय आहे तक्त्यात?" मी म्हटलं, फोन खोलीत राहिला. राहिला नव्हता, पिशवीत होता. त्यानंतर तक्ता उघडला गेला नाही.

७. झाडांबद्दल विचारा. झागोरीतल्या बऱ्याच गावांच्या वरच्या उतारावर जुनं राखीव रान असतं. दरडी आणि धोंडे गावावर येऊ नयेत म्हणून ते राखलेलं, आणि राखण चर्चच्या शापाची: फांदी तोडेल तो बहिष्कृत. मालकीणबाई हे सांगत होत्या तेव्हा मी ताठच बसले. फोनवरच्या भाषांतराला 'देवराई' कळेना, म्हणून हातांनी झाडं दाखवली, आभाळाकडे बोट केलं आणि कुऱ्हाडीचा हात करून मान हलवली. त्यांनी क्षणभर बघितलं आणि मान एका बाजूला झुकवली. "ने," त्या म्हणाल्या, "ने, ने." या वेळी माझं तोंड उतरलं नाही.