किंबर्लीचा धडा : नागरी संस्था, व्यापारी आणि परराष्ट्रधोरण

परराष्ट्रधोरण हा मंत्री, राजदूत आणि सेनापती यांचा प्रांत असून सामान्य नागरिकाने किंवा व्यापाऱ्याने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन नाही, अशी समजूत फार रूढ आहे. परंतु परदेशातून आलेल्या मालाबरोबर त्या देशाचे राजकारणही आपल्या पेढीत येत असते. मग आपण त्याची नोंद करो वा न करो. सरकारचे अंग नसलेल्या आणि नफ्यासाठीही न चालणाऱ्या अशा, नागरिकांनी स्वेच्छेने उभारलेल्या संस्थांस आपण नागरी संस्था म्हणतो. अशा संस्था राष्ट्रांच्या धोरणास वळण कसे लावतात, सीमेपलीकडील संस्थांशी सहकार्य कसे करतात, आणि त्यांचे बळ कोठे थिटे पडते, हे एकाच उदाहरणाने पाहण्याचे आम्ही योजिले आहे. ते उदाहरण हिऱ्यांच्या व्यापाराचे आहे. जैन व्यापाऱ्यास ते परके वाटू नये. अँटवर्प आणि मुंबई येथील हिरेबाजारांत पालनपूरच्या जैन घराण्यांचे स्थान मोठे आहे, आणि जगातील बहुतेक कच्च्या हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम सुरतेस होते.

१. युद्धाचे भांडवल

अंगोला देशात 1975 पासून यादवी युद्ध चालू होते. शीतयुद्ध संपल्यावर बंडखोर युनिटा संघटनेस मिळणारी बाहेरची मदत आटली, तेव्हा तिचा नेता जोनास साविंबी याने हिऱ्यांच्या खाणी हाती घेतल्या. सिएरा लिओन येथे 1991 मध्ये सुरू झालेल्या बंडानेही हाच मार्ग धरला. तेथील बंडखोरांनी हजारो निरपराध लोकांचे हातपाय तोडले. या प्रदेशांतील पुष्कळ हिरे नदीच्या गाळात सापडतात. त्यांस मोठी यंत्रे लागत नाहीत; फावडे आणि चाळणी पुरे होते. माल इतका लहान की मुठीत मावतो, आणि किंमत इतकी मोठी की तिच्यात बंदुका येतात.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून 1998 मध्ये ठराव करून अंगोला सरकारच्या प्रमाणपत्राविना तेथील हिरे विकत घेण्यास मनाई केली. ठराव झाला खरा, परंतु बाजारात हिऱ्याचे मूळ विचारण्याची चाल नव्हती. एका पुडीत अनेक देशांचे हिरे मिसळले की कोणता कोठचा, हे सांगणे कठीण होई. राष्ट्रांनी कायदा केला होता. तो पाळला जातो की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता.

२. खातेवहीची साक्ष

हे काम दोन लहान संस्थांनी अंगावर घेतले. लंडनची ग्लोबल विटनेस ही संस्था 1993 मध्ये तीन तरुण मंडळींनी काढली. प्रारंभीचा पैसा त्यांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकांबाहेर डबे घेऊन उभे राहून जमविला. डिसेंबर 1998 मध्ये तिने अंगोलाच्या हिऱ्यांविषयी अहवाल काढला. 1992 ते 1998 या काळात युनिटाने हिऱ्यांतून सुमारे 3.7 अब्ज डॉलर मिळविले, असा तिचा हिशेब होता.

दुसरी संस्था कॅनडातील पार्टनरशिप आफ्रिका कॅनडा. तिचा सिएरा लिओनविषयीचा अहवाल जानेवारी 2000 मध्ये निघाला. त्यातील एक नोंद प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शेजारच्या लायबेरिया देशाची हिरे काढण्याची शक्ती वर्षाकाठी 1 लाख ते 1.5 लाख कॅरट इतकीच होती. बेल्जियमच्या आयातीच्या नोंदींत मात्र 1994 ते 1998 या पाच वर्षांत लायबेरियातून 3 कोटी 10 लाख कॅरटांहून अधिक हिरे आल्याचे दिसत होते. म्हणजे वर्षास सरासरी 60 लाख कॅरटांवर. ज्याच्या शेतात दहा पोती धान्य पिकते, त्याने बाजारात चारशे पोती आणली, तर उरलेली कोठून आली, हे विचारण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आकडे गुप्त नव्हते. आवक आणि उत्पन्न यांचा मेळ घालण्याची तसदी मात्र तोवर पुरेशी कोणी घेतली नव्हती.

आमच्या मते या संस्थांच्या यशाचे रहस्य येथे आहे. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते, मते नव्हती, धनही बेताचेच होते. त्यांच्यापाशी खोडून काढता न येणारा हिशेब होता. मार्च 2000 मध्ये कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानेही निर्बंध मोडणाऱ्यांची नावे उघड केली, तेव्हा राष्ट्रांस स्वस्थ बसणे अशक्य झाले.

३. किंबर्ली ते इंटरलाकेन

या संस्थांनी हिऱ्यांवर सरसकट बहिष्कार घालण्याची हाक दिली नाही, हे विशेष होय. बोट्स्वाना देशाच्या शाळा, रस्ते आणि रुग्णालये हिऱ्यांच्या उत्पन्नावर उभी राहिली होती. बहिष्काराने बंडखोराबरोबर तो निरपराध देशही बुडाला असता, आणि सुरतेच्या कारागिराची चूलही विझली असती. माल टाकू नका, त्याचे मूळ दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यामुळे प्रामाणिक व्यापारी आणि हिरे उत्पन्न करणारी राष्ट्रे यांस त्यांच्यासह एका बैठकीत बसणे शक्य झाले.

अशी पहिली बैठक मे 2000 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या जुन्या खाणीच्या गावी भरली. जुलैमध्ये अँटवर्प येथील अधिवेशनात हिरेव्यापाऱ्यांनी आपली जागतिक परिषद स्थापण्याचे ठरविले. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या प्रयत्नास पाठिंबा दिला. पुढे नोव्हेंबर 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे योजना मान्य झाली आणि 1 जानेवारी 2003 पासून ती अमलात आली. कच्चे हिरे सीलबंद पेटीतून, सरकारी प्रमाणपत्रासह आणि योजनेतील देशांतच पाठवावयाचे. उत्पादन व व्यापार यांचे आकडे प्रत्येक देशाने द्यावयाचे. निर्णयाचा अधिकार सरकारांपाशी राहिला. तथापि व्यापारी आणि नागरी संस्था यांस निरीक्षक म्हणून बैठकीत स्थान मिळाले. भारत या योजनेत आरंभापासून असून 2008 आणि 2019 या वर्षी तिचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते.

योजनेस दात आहेत, हे लवकरच दिसले. ब्राझाव्हिलच्या काँगो देशाची निर्यात त्याच्या उत्पन्नाशी जुळेना, म्हणून जुलै 2004 मध्ये त्याचे नाव यादीतून काढण्यात आले. लायबेरियाच्या बाबतीत ज्या हिशेबाने चोरी उघडकीस आली, तोच हिशेब आता राष्ट्रांचा नियम झाला होता.

४. उणीव कोठे राहिली

परंतु योजनेच्या मूळ व्याख्येत एक अरुंद दार होते. बंडखोर ज्या कच्च्या हिऱ्यांच्या पैशाने मान्य सरकारांविरुद्ध लढतात, तेवढेच हिरे तिने निषिद्ध मानले. अत्याचार सरकारच्याच सैन्याने केले तर काय, याचे उत्तर त्या व्याख्येत नव्हते. झिंबाब्वेतील मारांगे येथे 2008 च्या अखेरीस सैन्याने खाणी ताब्यात घेताना अनेक खाणकऱ्यांस ठार मारले. तेथील प्रकार उजेडात आणणारे नागरी संस्थेचे कार्यकर्ते फराई मागुवू यांस 2010 मध्ये अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले. पुढे आरोप मागे घेण्यात आले. तरीही नोव्हेंबर 2011 मध्ये मारांगेच्या हिऱ्यांस निर्यातीची वाट मोकळी झाली. पुढील महिन्यात ग्लोबल विटनेस योजनेतून बाहेर पडली. दुसऱ्या संस्थेनेही, जिचे नाव आता इम्पॅक्ट असे झाले आहे, डिसेंबर 2017 मध्ये तोच निर्णय घेतला. ज्यांनी घर बांधविले, तेच घर सोडून गेले. आफ्रिकेतील काही नागरी संस्था मात्र आत राहून झगडत राहिल्या. बाहेर पडणारे आणि आत राहणारे यांपैकी कोणाचे बरोबर, याचा निवाडा सोपा नाही. बाहेर पडल्याने प्रमाणपत्राची खोटी प्रतिष्ठा उघडी पडते. आत राहिल्याने खाणकऱ्याचा शब्द सरकारांच्या कानी पडत राहतो. जे जगाच्या बाजारातून दूर आहेत ते बाहेर पडू शकतात. ज्यांचे गावच खाणीवर आहे, त्यांस तो मार्ग मोकळा नाही.

५. आपण काय घ्यावे

या इतिहासातून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. नागरी संस्था राष्ट्रांस कायदा करावयास लावू शकतात, परंतु कायद्याच्या कागदात प्राण घालणारा शेवटी माल घेणारा व्यापारीच असतो. जेथे प्रमाणपत्र पाहून प्रश्न संपतो, तेथे प्रमाणपत्र हेच पांघरूण होते.

आपल्या धर्मास हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यांत तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे, हा एक आहे. आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे निर्बंध ओलांडून व्यवहार करणे, हा दुसरा. आपण स्वतः चोरी केली नाही, एवढ्याने व्रत शाबूत राहत नाही. रीतसर कागद असतानाही मालामागे हिंसा आहे, असे कळले, तर दुसऱ्या अतिचारातून आपण सुटू. पहिल्याचा प्रश्न मात्र उरतोच.

म्हणून आमची व्यापारी बंधूंस विनंती अशी की, सराफ असो, किराण्याचा व्यापारी असो वा कापडाचा, परदेशी माल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. माल मुळात कोठला, हे बीजकावर स्पष्ट लिहून मागावे. भाव बाजाराहून फार उतरलेला असल्यास त्याचे कारण विचारावे. आणि त्या देशातील श्रमिकांच्या संस्था काय सांगतात, हे आपल्या व्यापारी संघामार्फत समजून घ्यावे. एकट्या दुकानदाराचा प्रश्न मोठा पुरवठादार हसण्यावारी नेईल; संघाने विचारलेला प्रश्न त्यास टाळता येणार नाही. व्यापारी संघ हीदेखील एक नागरी संस्थाच आहे, याचे स्मरण आम्ही सर्वांनी ठेवावे.