मालिकेत माझं गाणं कुणी घातलं?

प्रश्न : मी कॉलेजात असल्यापासून रॉक ऐकतो. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या कॅसेट अजून कपाटात आहेत. हल्ली मुलीबरोबर परदेशी मालिका बघताना वरचेवर असं होतं, की गोष्ट भलतीकडेच चाललेली असते आणि एकदम माझ्या कॅसेटमधलं गाणं सुरू होतं. अंगावर काटा येतो. मुलगी म्हणते, योगायोग आहे. मला पटत नाही. ही गाणी निवडतं कोण? गायकाला विचारतात का? आणि एक जुनी मालिका परत बघितली, तर जे गाणं मला पक्कं आठवत होतं ते तिथे नव्हतंच! माझी स्मरणशक्ती दगा देऊ लागली आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्मरणशक्तीचं शेवटी बघू, कारण ते कोडं सुटण्यासाठी आधीच्या काही गोष्टी कळाव्या लागतील. तोवर डॉक्टरांकडे जायची घाई करू नका.

आधी योगायोगाचं. आपल्याकडे गाणं म्हटलं की संगीतकार आठवतो, आणि मालिकेतलं सगळं संगीत त्यानेच बघितलं असणार असं आपण धरून चालतो. अमेरिकी मालिकांमध्ये पार्श्वसंगीत रचणारा वेगळा आणि आधीच प्रसिद्ध असलेली गाणी शोधून आणणारा वेगळा. या दुसऱ्याला म्युझिक सुपरवायझर म्हणतात. भागाचं कच्चं संकलन झालं की दिग्दर्शक, संकलक आणि ही मंडळी एकत्र बसून बघतात : इथे संगीत सुरू व्हावं, इथे थांबावं, इथे शांतताच बरी. कधी लेखकाने गाणं पटकथेतच लिहिलेलं असतं. कधी संकलक तात्पुरतं म्हणून एखादं गाणं लावून ठेवतो, ते सगळ्यांच्या कानात इतकं बसतं की दुसरं चालेनासं होतं आणि मग त्याच गाण्याच्या परवानगीसाठी धावाधाव सुरू होते. काम जुनं आहे, मान मात्र उशिरा मिळाला. एमी पुरस्कारांत या कामासाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला तो थेट २०१७ साली. पहिला मिळाला सुझन जेकब्झ यांना, ‘बिग लिटल लाइज’ या मालिकेसाठी. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ मालिकेत लेड झेपलिनची गाणी आणून दाखवली. हा बँड परवानगी देण्याच्या बाबतीत किती हात आखडता घेतो हे ठाऊक असणाऱ्यांनी तेव्हा टोप्या काढल्या असतील.

आता, नेमकं तुमचंच गाणं का? साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे ऐकलं-पाहिलं ते माणसाला इतर कुठल्याही काळापेक्षा जास्त घट्ट आठवतं, हे मानसशास्त्राने चांगलं तपासून ठेवलेलं आहे. मालिका लिहिणारे, त्यांना पैसे पुरवणारे आणि बघणारे यांतले पुष्कळ जण तुमच्याच वयाचे. ते आपल्या कॅसेटमधून काढतात आणि तुम्हाला वाटतं तुमच्या कपाटातून काढलं. रॉकची प्रसिद्ध गाणी म्हणजे तरी किती? त्याच शे-दोनशे गाण्यांभोवती सगळे घुटमळतात, मग गाठ पडणारच.

पण वय हे एकच कारण धरू नका. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बनवणारे डफर बंधू १९८४ साली जन्मले. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ साली आलं तेव्हा ते रांगत-चालत होते. तरी मालिकेच्या चौथ्या पर्वात, मे २०२२मध्ये, ते गाणं आलं. कारण गोष्ट १९८६ची आहे आणि मॅक्स नावाच्या मुलीच्या वॉकमनमध्ये त्या साली जे असू शकेल तेच हवं होतं. तो प्रसंग कसा बांधलाय बघा. मॅक्सचा सावत्र भाऊ मेलाय, आपण त्याला वाचवलं नाही हे तिला आतून खातंय. एक राक्षस तिच्या मनाचा ताबा घेतो. तिचं आवडतं गाणं ऐकवलं तरच ती परत येईल, हे मित्रांना ऐनवेळी कळतं. मग कॅसेटचा ढीग उपसणं, सापडलेली कॅसेट घाईघाईने वॉकमनमध्ये घालणं, हेडफोन तिच्या कानावर चढवणं. गाणं आहे देवाशी सौदा करून दुसऱ्याशी जागा बदलण्याबद्दलचं, आणि भावाच्या जागी आपण असायला हवं होतं असं वाटणाऱ्या मुलीला ते तंतोतंत लागू पडतं. इथे गाणं मागे वाजत नाही, तेच तिचा जीव वाचवतं. ते काढून दुसरं घातलं तर प्रसंग कोसळेल. परिणाम असा झाला, की १९८५ साली ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलेलं गाणं जून २०२२मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. सदतीस वर्षांनी!

गायकाला विचारतात का, हा तुमचा सगळ्यात खोल प्रश्न. उत्तर आहे : विचारावं लागेलच असं नाही, पण कुणाला तरी विचारावं लागतंच, आणि बहुधा दोघांना. तुम्ही ठाण्याचे, म्हणजे हे तुम्हाला लगेच कळेल. सोसायटीची इमारत सभासदांची असते, पण कन्व्हेयन्स झालं नसेल तर खालची जमीन बिल्डरच्याच नावावर राहते, आणि पुनर्विकास म्हटला की दोघांच्या सह्या लागतात. गाण्याचंही तसंच. शब्द आणि चाल हा एक हक्क, तो गीतकार-संगीतकाराचा किंवा त्यांच्या प्रकाशक कंपनीचा. त्या गाण्याचं अमुक एक ध्वनिमुद्रण हा दुसरा हक्क, तो बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचा. जो गायला पण ज्याने लिहिलं नाही आणि ज्याच्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्कही नाही, त्याला मालिका बघतानाच कळलं तरी कायद्याचं काही अडत नाही. केट बुशचं उलट आहे. गाणं तिनेच लिहिलं, तिनेच निर्मिती केली, ध्वनिमुद्रणही तिच्याच हातात. दोन्हीकडे शेवटचा शब्द तिचा. ती सहसा नकार देते, पण ही मालिका ती आधीपासून बघत होती आणि प्रसंग वाचून तिने होकार दिला.

या दोन हक्कांमुळे एक गंमतही होते. ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेत दारूच्या गुत्त्यातल्या आपोआप वाजणाऱ्या पियानोवर किंवा वाद्यवृंदावर रोलिंग स्टोन्स, साउंडगार्डन, रेडिओहेड यांच्या चाली ऐकू येतात. संगीतकार रामिन जवादी यांनी त्या नव्याने बांधून घेतल्या. ध्वनिमुद्रण नवं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे जायची गरजच नाही, फक्त चालीचा हक्क घ्यायचा. पैसे वाचतात म्हणून ते केलं असं मात्र म्हणू नका. काउबॉयच्या गावात ‘पेंट इट ब्लॅक’ ओळखू आलं की हे जग खोटं आहे हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

होकार मिळवण्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा ‘द सोप्रानोज’चा. शेवटचा भाग, १० जून २००७. गुंडांचा म्होरक्या टोनी एका साध्या हॉटेलात बसतो, टेबलावरच्या छोट्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतो आणि जर्नी बँडचं १९८१चं ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ सुरू होतं. बायको येते, मुलगा येतो, कांद्याच्या तळलेल्या चकत्या येतात, मुलीला बाहेर गाडी लावता येत नसते, आणि गाणं अर्ध्या ओळीत तुटून पडदा काळा होतो. अनेकांना वाटलं केबल गेली. गाण्याच्या तीन लेखकांपैकी एक, गायक स्टीव्ह पेरी, प्रसंगात काय होणार हे कळल्याशिवाय सही करायला तयार नव्हता. आपलं गाणं रक्तपातावर वाजू नये, एवढीच त्याची चिंता. म्हणजे अमेरिका जो शेवट जाणून घ्यायला तडफडत होती, तो परवानगीच्या निमित्ताने एका गायकाला आधीच कळला होता.

पैशांचा आकडा मालिका सहसा सांगत नाहीत. एक बाहेर आला तो ‘मॅड मेन’चा. २०१२च्या एका भागात बीटल्सचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ वाजलं आणि त्यासाठी सुमारे अडीच लाख डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या. बीटल्सचं मूळ ध्वनिमुद्रण मालिकेत मिळणं म्हणजे दुर्मीळच. प्रसंग १९६६चा आहे. जाहिरात कंपनीतला मध्यमवयीन डॉन ड्रेपर, नव्या पिढीला काय आवडतं ते कळावं म्हणून बायकोने दिलेली ‘रिव्हॉल्व्हर’ तबकडी लावतो, खुर्चीत बसतो, थोडं ऐकतो आणि उठून सुई उचलून टाकतो. अडीच लाख डॉलरचं गाणं नायकाला झेपलं नाही! श्रेयनामावलीवर ते पुन्हा सुरू होतं म्हणा, पण माझ्या मते ते सुई उचलणंच पैसा वसूल आहे. डॉन म्हातारा होऊ लागलाय हे दुसऱ्या कशाने इतकं स्वस्तात सांगता आलं नसतं.

इथेच एक लोकप्रिय गैरसमज काढून टाकू. सात सेकंद, दहा सेकंद किंवा आठ मात्रांपर्यंत गाणं फुकट वापरता येतं, असा नियम बरेच लोक छातीठोकपणे सांगतात. असा नियम नाही. दुसरा गैरसमज असा, की गाणं जुनं झालं म्हणजे सगळ्यांचं झालं. रॉकच्या बाबतीत ते व्हायला अजून बराच अवकाश आहे. माणूस गेला तरी हक्क वारसांकडे जातो. ‘ब्रेकिंग बॅड’चा शेवट २०१३ साली बॅडफिंगरच्या ‘बेबी ब्लू’वर झाला आणि गाण्याची विक्री एकदम उसळली. ते लिहिणारा पीट हॅम १९७५ सालीच, पैशांच्या फसवणुकीने खचून, जीव देऊन गेला होता. ही गोष्ट माहीत असेल तर तो शेवट बघवत नाही.

शीर्षकगीतांचा हिशेब थोडा निराळा, कारण तिथे एकच गाणं वर्षानुवर्षं वाजणार असतं. ‘सीएसआय’च्या निर्मात्यांनी तर ‘द हू’ या बँडला घरजावईच करून घेतलं. २००० साली मूळ मालिकेला ‘हू आर यू’, मायामीच्या मालिकेला ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’, न्यूयॉर्कच्या मालिकेला ‘बाबा ओ’रायली’ आणि २०१५च्या ‘सीएसआय : सायबर’ला ‘आय कॅन सी फॉर माइल्स’. आणि तुमच्यासारख्यांना आवडेल अशी एक आडवाट सांगून टाकतो. ‘गुड ओमेन्स’ या मालिकेतल्या सैतानी दूताच्या जुन्या बेंटली गाडीत सारखा क्वीन बँड वाजत असतो. मूळ कादंबरीतला विनोद असा, की गाडीत पंधरवडाभर पडून राहिलेली कुठलीही कॅसेट शेवटी क्वीनच्या गाण्यांचीच होते. त्या क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि तिथेच त्याने ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड केला.

आता तुमच्या स्मरणशक्तीकडे. ती बहुधा ठणठणीत आहे. परवानगी म्हणजे विक्री नव्हे, तो भाडेकरार आहे : अमुक वर्षांसाठी, अमुक देशांत, अमुक माध्यमासाठी. सत्तर-ऐंशीच्या दशकात मालिका बनवणाऱ्यांनी दूरदर्शनवरच्या प्रक्षेपणापुरतेच हक्क घेतले. लोक पुढे मालिका घरी विकत आणून बघतील हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, मग इंटरनेटची गोष्टच सोडा. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही १९७८ ते १९८२ची विनोदी मालिका रेडिओ केंद्रातच घडते, म्हणजे भागाभागात रॉक. २००७ साली तिच्या पहिल्या पर्वाची डीव्हीडी निघाली, तेव्हा नव्याने मागितलेली रक्कम परवडेना म्हणून बरीच मूळ गाणी काढून कुठलंसं निनावी संगीत भरलं. ‘द वंडर इयर्स’ १९९३ला संपली आणि तिचा डीव्हीडी संच यायला २०१४ उजाडलं, तेही मुख्यतः गाण्यांच्या हक्कांपायी. मधल्या काळात इंटरनेटवर जी आवृत्ती होती तीत जो कॉकरचं शीर्षकगीतसुद्धा दुसऱ्याच आवाजात होतं. हल्लीचे निर्माते शहाणे झालेत. ते सगळ्या माध्यमांचे, कायमचे हक्क एकदमच मागतात, आणि म्हणून एकेक गाणं इतकं महाग पडतं.

खात्री करायची असेल तर त्या भागाचं प्रथम प्रक्षेपणाच्या वेळचं गाणं कोणतं होतं ते शोधा, चाहत्यांनी अशा याद्या नीट ठेवलेल्या असतात. आणि नव्या मालिकेत गाणं ओळखीचं वाटतंय पण नाव जिभेवर येत नाही, असं झालं तर मुलीच्या फोनमधलं शझाम ते ओळखून देईल. पियानोवर किंवा व्हायोलिनवर नव्याने वाजवलेली चाल मात्र त्याला हमखास ओळखता येत नाही. अशा वेळी श्रेयनामावलीच्या अगदी तळाशी जा. तिथे बऱ्याचदा गाण्यांची नावं, लेखक आणि ध्वनिमुद्रणाचे मालक ओळीने दिलेले असतात. फक्त पाच सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होतो, तेवढा रिमोट हाताशी ठेवा.